चादरीखालचा हात

डिंकी लॅरॅबी पडला की अख्खं थिएटर हसायचं. खरं सांगायचं तर डिंकी लॅरॅबी उभ्या जन्मात कधी पडला नाही. छपरावरून पडायची, गाढवावरून पडायची, चुन्याच्या पिंपात डोक्यावर पडायची ती वर्ना टिबेट्स. त्याचाच चौकड्यांचा कोट घालून, त्याचीच टोपी कानापर्यंत ओढून आणि तोंड कॅमेऱ्याकडून फिरवून. पडून झालं की ती बाजूला व्हायची, तिच्या जागी डिंकी धुळीत आडवा व्हायचा, डोळे गरगर फिरवायचा, आणि पुढे कौतुक सगळं त्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त याच्या बिळाला स्टुडिओने इलेक्ट्रिकचे दिवे लावून दिले होते.

वर्ना मूळची नेब्रास्काची. बाप सर्कशीत कोलांट्या मारायचा. ती चार वर्षांची असताना त्याने तिला खांद्यावरून पहिल्यांदा खाली सोडलं आणि रडायला तोंड उघडते तोच दरडावलं, "रडायचं मागाहून. आधी डावा हात वर कर. लोकांना कळू दे, पोरगी धड आहे." ती सवय तिला कायमची लागली. पुढे सर्कस बुडाली, बाप गेला, आणि वर्ना लॉस एंजेलिसला एडनडेलच्या स्टुडिओत पडायच्या कामाला लागली. हाताची रीतही तिच्याबरोबर तिथे आली. पडणाऱ्याचा डावा हात वर दिसला की समजायचं, ठीक आहे, चालू द्या. नाही दिसला तर कॅमेरा थांबवून धावायचं. आठ वर्षांत या रीतीने निदान तिघांचे जीव वाचवले होते.

रीत लागायची, कारण ओरडण्याला तिथे काडीची किंमत नव्हती. मूकपट असला तरी तिथे गलका असा, की मासळीबाजार बरा. दिग्दर्शक प्रुइट कर्ण्यातून बोंबलतोय, कोपऱ्यात फिडलवाला रडकी गाणी कुथतोय, शेजारच्या सेटवर कोणी भिंत पाडतंय, आणि कॅमेऱ्यासमोरचे नट तोंडाला येईल ते बरळताहेत. मेलो मेलो म्हणून ओरडलात तर प्रुइट खूश होऊन म्हणणार, वा, अजून जरा.

बरळण्यावरून मात्र एकदा फजिती झाली होती. एका चित्रात डिंकी गुडघे टेकून नायिकेला मागणी घालत होता आणि ओठांनी तिच्या तोंडाला येणाऱ्या कांद्याच्या वासाचा उद्धार करत होता. बाकी जगाला पत्ता लागला नाही. पण बहिऱ्या माणसांना ओठ वाचता येतात. बहिऱ्यांच्या शाळेतून सात पत्रं आली, सातही संतापलेली. तेव्हापासून सेटच्या भिंतीवर पाटी होती: जीभ सांभाळा. आठवड्याभरात तिच्यावर कोणीतरी टोपी अडकवली.

एकवीस सालच्या मार्चमध्ये भुताच्या घराचं चित्र सुरू झालं. घराला छप्पर नव्हतं. वर पांढरं कापड ताणून ऊन गाळून घेतलं होतं, आणि भरदुपारी त्या उन्हात रबराच्या चिकाची कोळिष्टकं लोंबत होती. घराचा जीव जिन्यात होता. म्हातारा सुतार अँब्रोज पेल याने तो बांधला होता, आणि खटकेही तोच ओढायचा. एक खटका ओढला की सगळ्या पायऱ्या एकदम आडव्या होऊन जिन्याची घसरगुंडी व्हायची. दुसरा खटका ओढला की खालचं पुरुषभर उंचीचं घड्याळ भिंतीपासून सुटून कोसळायचं. चादर पांघरलेलं भूत, म्हणजे भुताचं सोंग घेतलेला डिंकी, म्हणजे अर्थातच वर्ना, जिन्यावरून घसरत खाली येणार, हात वर करून ठीक असल्याचं दाखवणार, लोळून बाजूला होणार, आणि ती होती त्या जागी घड्याळ आदळणार.

त्या सकाळी प्रुइटला अक्कल सुचली. "भुताचे हात असे लुळे कसे गं? वर पाहिजेत, धरायला आल्यासारखे."

म्हणून चादरीच्या आत वेताच्या दोन काठ्या शिवल्या आणि टोकांना हातमोजे बसवले. भूत झकास दिसू लागलं. सगळे हसले, वर्नाही हसली. डावा हात आता काहीही झालं तरी वरच राहणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. ज्या रीतीवर आठ वर्षं जीव सोपवला ती रीत त्यांनी आपल्या हातांनी शिवून बंद केली.

पायऱ्या सुटल्या. तिसऱ्या पायरीच्या फळीत तिची टाच अडकली, आणि ती डोक्यावर येऊन आदळली. छातीतला श्वास निघून गेला. लोळता येईना. "थांबा," ती ओरडली, "अँब्रोज, थांब." फिडल चालू होतं. अँब्रोजने हात पाहिला. हात वर होता. त्याने दुसरा खटका ओढला.

कॅमेरा सगळा वेळ फिरत होता. प्रुइट मागाहून म्हणाला, की एवढं झकास पडणं त्याने जन्मात पाहिलं नाही.

डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. वर्ना सात आठवडे पलंगावर पडून होती, पाय प्लास्टरमध्ये. अँब्रोज रोज संध्याकाळी घेवड्याच्या बियांचं कालवण घेऊन यायचा, दाराशी टोपी चुरगाळत उभा राहायचा आणि खाली बघायचा.

"मी ओढला," तो म्हणायचा.

"तू हात पाहिलास आणि ओढलास. बस खाली आणि तोंड बंद कर."

त्याच्यावर तिचा राग नव्हता. राग आला तो सिनेमाचं मासिक हातात पडलं तेव्हा. मासिकात डिंकी लॅरॅबीचा फोटो होता, हात गळ्यात बांधलेला, चेहरा हुतात्म्याचा. खाली लिहिलं होतं: 'चादरीखाली दुसऱ्याला पाठवा, असं सगळे मला विनवत होते. पण माझं पडणं मीच पडतो.' हात त्याने कशासाठी बांधला होता देव जाणे. चोर तो चोर, वर शिरजोर. वर्नाने मासिक भिंतीवर फेकलं, मग ते परत आणायला उठता येईना म्हणून आणखी चिडली.

प्रुइट एक दिवस संत्र्यांची पिशवी घेऊन आला. कॅलिफोर्नियात संत्री घेऊन येणं म्हणजे समुद्राला मीठ नेणं.

"काय पाहिजे तुला, सांग," तो म्हणाला.

"ती मी पडले, एवढं त्याने तोंडाने सांगायचं. चार लोकांत."

"अगं, त्याचं नाव त्यावर उभं आहे."

"आणि माझा पाय कशावर उभा राहणार?"

"वर्ना, चादरीखाली कोण होतं, हे कोण विचारतंय? लोकांना हसायला मिळालं, झालं."

"मला विचारायचंय ना. एकोणचाळीस वर्षांची झाले मी. परत काही पडायची नाही. माझं म्हणून हे एकच पडणं उरलंय, तेही त्या गिधाडाने न्यावं?"

प्रुइटने एक संत्रं सोललं, स्वतःच खाल्लं आणि गेला.

मे महिन्यात त्याचाच निरोप आला. चित्र एका गावात लोकांना दाखवून पाहिलं होतं. घड्याळ पडतं तिथे लोक खुर्चीतून घसरेपर्यंत हसले, पण पुढे भूत कोण ते दिसत नाही म्हणून हिरमुसले. तेव्हा एक तुकडा नव्याने घ्यायचा ठरला: डिंकी चादरीखाली पडलेला, कॅमेरा अगदी तोंडाशी, बाजूला घड्याळ आदळतं, चादर सरकते आणि खाली डिंकी. घड्याळ त्याच्यापासून हातभर दूर, खडूच्या रेघेवर पडणार होतं. अँब्रोजने खटक्याला हात लावायला नकार दिला. आणि वेळ चुकू न देता खटका ओढणारं दुसरं कोण होतं? घड्याळ किती वेळात खाली येतं हे वर्नाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ती कुबड्यांवर आली आणि खटक्याजवळच्या स्टुलावर बसली. डिंकी तिच्यासमोरून नजर चुकवत गेला.

"काय म्हणतोय पाय?" तो कोटाच्या बाहीला विचारल्यासारखा म्हणाला.

"मासिक वाचतोय," वर्ना म्हणाली.

तो चादरीखाली आडवा झाला. काठीवरचा हातमोजा वर आला. फिडल सुरू झालं, कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला, प्रुइट कर्ण्यातून ओरडला, "ओढ."

वर्नाने ओढला नाही.

"ओढ की. हात वर आहे त्याचा."

"तो काठीचा हात आहे," वर्ना म्हणाली. "मिस्टर लॅरॅबी, तुमचा स्वतःचा हात दाखवा. मग ओढते."

चादर जरा हलली. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही, रीत आहे. माझ्या वेळेला आपण विसरलो होतो, आता विसरायची नाही. आणि दाखवता आहात तर हेही सांगा, त्या दिवशी इथे कोण पडलं होतं?"

"वर्ना, गुमान खटका ओढ."

"ओढीन ना. पण तुम्ही खडूच्या रेघेवर सरकला आहात, ते कळलंय का तुम्हाला?"

तो सरकला नव्हता. पण चादरीखालच्या माणसाला रेघ दिसत नाही. दिसतं फक्त डोक्यावर काहीतरी काळं, उंच, आणि ऐकू येतो लाकडाचा करकर आवाज. तिथे किती एकटं वाटतं हे वर्नाला माहीत होतं, आणि त्यालाही एकदा कळावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिचा हात खटक्यावर घट्ट होता. एक क्षणभर, खोटं कशाला बोला, घड्याळ खरंच त्याच्यावर पडावं असंही तिला वाटलं.

डिंकीने चादर ओरबाडून काढली. तोंड पांढरंफटक. कॅमेरा दीड हातावर होता आणि दांडा फिरत होता, कारण थांब म्हणून कोणी म्हणालंच नव्हतं.

"तूच होतीस," तो म्हणाला. "वर्ना टिबेट्स पडली, मी नव्हतो. तिचा पाय मोडला, मी नव्हतो. देवाशपथ सांगतो, आता नको गं मारू."

त्याचा खरा डावा हात वर आला. वर्नाने तो पाहिला आणि खटका ओढला. घड्याळ खडूच्या रेघेवर पडलं, ना बोटभर इकडे ना तिकडे.

सेटवर सात माणसं होती. सातांनीही ऐकलं, आणि सातही जण दुसऱ्या दिवशी विसरले, कारण सगळ्यांना पोटं होती. वर्नाला परत येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. तो तुकडा मात्र डिंकीने स्वतः हट्टाने चित्रात ठेवून घेतला. एवढं भेदरलेलं तोंड त्याला पुन्हा करता आलं नसतं. खरं भूत दिसलंय असं भासवायला त्याच्या बोलण्याच्या जागी पडद्यावर अक्षरांची पाटी घातली: 'भूतराया, दया कर.'

जुलैत चित्र लागलं. शनिवारी दुपारच्या खेळाला वर्ना आणि अँब्रोज जाऊन बसले. जिना घसरला, भूत आदळलं, घड्याळ कोसळलं, चादरीबाहेर एक पाय आला, नको त्या दिशेला वळलेला. लोक हसले. बायका रुमाल तोंडात कोंबून हसल्या, पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मांडीवर थापा मारत हसला. वर्नाच्या मुठी वळल्या. आपलंच हाड मोडताना बघायचं आणि भोवती पाचशे माणसांनी दात काढायचे, असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. त्या गृहस्थाला कुबडी हाणावी असं वाटलं. अँब्रोजने कुबडी धरून ठेवली.

महिन्याभराने प्रुइट तिच्या खोलीवर आला. या खेपेला संत्री नव्हती. त्याने पत्रांचा गठ्ठा पलंगावर आपटला.

"अकरा," तो म्हणाला. "बहिऱ्यांच्या त्या शाळेतून अकरा आलीत. त्यातलं एक मासिकालाही गेलंय. डिंकी वेडापिसा झालाय. भिंतीवर पाटी होती, वाचता येत नव्हती त्या मूर्खाला?"

"कसली पत्रं?"

"वाच ना. तुझ्याबद्दलच आहेत."

तो गेल्यावर तिने वरचं पत्र उघडलं. अक्षर म्हातारं पण ठसठशीत होतं. खाली सही, इडा ग्रॉस्बेक.

'पडद्यावर लिहिलं होतं एक, आणि तो माणूस बोलला दुसरंच. आम्ही पुन्हा तिकीट काढून पाहून आलो, चूक होऊ नये म्हणून. घड्याळ पडल्यावर बाकीचे हसले. आमच्या रांगेत कोणी हसलं नाही. तो पाय आम्हाला खेळातला वाटला नाही. आमचं एवढंच विचारणं आहे. चादरीखाली ज्या वर्ना टिबेट्स होत्या, त्या आता बऱ्या आहेत का?'

पुढची दहा पत्रं तिने एकामागून एक उघडली. शब्द वेगळे, विचारणं तेच. मार्चपासून ऑगस्टपर्यंत एका अँब्रोजखेरीज स्टुडिओतल्या कोणी ते मनापासून विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी विचारलं त्यांच्या कानी तिची किंकाळी कधी पडणारच नव्हती. वर्ना रडली. चौथ्या वर्षी राहून गेलेलं रडणंही बहुधा त्यात होतं.

मग तिने डोळे पुसले, पेन्सिलीला टोक काढलं आणि मिस ग्रॉस्बेकना लिहायला घेतलं.

'पाय वाकडा जुळला आहे. पडले ती मीच.'