चार अक्षरं उघडं, सहा अक्षरं बंद

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर माझं वेडंवाकडं अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्या. माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणून ते आलंच नाही. आकडे मात्र येतात.

दिंडोरीकडे आमचं गुलाबाचं पॉलिहाउस. तिथली पाण्याची मोटर दोनदा चोरीला गेली, म्हणून कॅमेरे बसवले. ब्रॉडबँड तेव्हा नवीन होतं. नाशिकच्या घरून कॅमेरे दिसायला तिथल्या राउटरचं पोर्ट उघडावं लागतं, असं सांगून कॅमेरेवाल्यानं वेगळे तीन हजार घेतले. ते माझे होते, हार करून साठवलेले. पॉलिहाउसवरच्या कॉम्प्युटरवर त्यानं चित्र दाखवलं आणि "झालं काम" म्हणाला. घरी बघितलं तर नुसता काळा पडदा.

फोन केला की म्हणायचा, "ताई, पोर्ट उघडंच आहे. तुम्हालाच जमत नाही."

आमचे हे म्हणाले, "जाऊ दे. त्याच्याशी वाद कोण घालणार?"

मी घालणार होते. परक्या माणसाशी बोलायची मला सवय नाही, तरी घालणार होते.

पुण्याच्या पुतणीला फोन लावला. ती कॉम्प्युटर शिकलेली. म्हणाली, "काकू, त्यानं आत बसून पाहिलं. दाराला कडी लागलीय का ते बाहेरून ढकलल्याशिवाय कसं कळेल?" कुठलं बटण कुठं ते फोनवर सांगून तिनं एक साइट उघडून दिली. तिथं कॅमेरेवाल्यानं लिहून दिलेला राउटरचा आकड्यांतला पत्ता आणि पोर्टचा आकडा टाकायचा, मग उत्तराचा शब्द येतो.

"मला इंग्रजी वाचता कुठं येतंय गं?"

"मग मोज. चार अक्षरं आली तर उघडं, सहा आली तर बंद."

सहा आली. तीन दिवस, राउटर चालू आहे ना हे पॉलिहाउसवरच्या गड्याला फोनवर विचारून, रोज तपासलं. रोज सहाच.

मग त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती.

"इथून तपासा," साइटचं नाव बघून-बघून उतरवलेला कागद पुढं करत मी म्हटलं. आवाज बारीकच निघाला.

तो हसला. "ताई, पोर्ट म्हणजे काय, माहितीये का?"

"नाही. पण तीन हजार कशाचे घेतले ते माहितीये. मी आकडे सांगते, तुम्ही टाका."

एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "टाक की रे, बाई एवढं म्हणतायत तर."

त्यानं टाकले. मी काउंटरवरून वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं मोजलं, सहापर्यंत.

"इंटरनेट कंपनीनंच बंद ठेवलं असेल," तो पुटपुटला.

"मग तुम्ही काय उघडलंत?"

म्हातारे खो-खो हसले. त्यानं हजार रुपये काढून दिले, बाकीचे उद्या म्हणाला. त्या उद्याचे तीन आठवडे झाले. मी दर सोमवारी जाऊन काउंटरपाशी गप्प उभी राहायचे. कोणी विचारलं, "ताई, काय हवंय?" तर सांगायचे, "न उघडलेल्या पोर्टाचे पैसे."

चौथ्या सोमवारी मला बघताच त्यानं गल्ला उघडला आणि उरलेले दोन हजार एकदम माझ्यासमोर ठेवले.