गौरीच्या दिवशी मी बाजूला बसले

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याची मी, बोलायला लागले की कुणाची भीडभाड ठेवत नाही. पण बासष्ट साली जयपुरात मी सहा महिने एका भल्या बाईशी धडधडीत खोटं बोलत होते. धाकट्या बहिणीसाठी बोलत होते.

ही बहीण जन्मली तेव्हा घरात पेढे वाटले होते, कारण सगळ्यांना वाटलं मुलगा झाला. नाव ठेवलं उमाकांत. आई गेल्यावर ती आमच्याकडे जयपूरला आली. आमचे हे, श्रीपादराव, विम्याच्या कचेरीत. बदली होऊन आलेले. झोटवाड्याच्या रस्त्याला भाड्याचं घर होतं. ती रोज बस धरून सांगानेरला जाई, कापडावर ठसे मारतात त्या कारखान्यात. ठशांची नक्षी कागदावर काढून द्यायचं तिचं काम. एकतीस वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी तिनं माझ्यापुढं पिवळं पडलेलं कात्रण ठेवलं. अमेरिकेतला कुणी शिपाई औषधं घेऊन, शस्त्रक्रिया करून बाई झाला, अशी बातमी.

"ताई, मी अशीच आहे. माझं नाव चारुलता," एवढंच म्हणाली.

मी आधी तिला चार शिव्या हासडल्या, मग रडले, मग चहा टाकला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, घरात काय हवं ते करा, बाहेर बभ्रा नको. तेव्हापासून घरात ती चारू आणि उंबऱ्याबाहेर उमाकांत. मराठी बायका आल्या की मी तिला स्वयंपाकघरात पिटाळत असे.

तिनं पत्रं पाठवून पाठवून मुंबईचा एक डॉक्टर शोधला होता. त्यानं गोळ्या लिहून दिल्या. पाळी जाताना बायकांना देतात, त्याच. दाढी विरळ झाली, अंग मऊ झालं, आणि पोरगी चक्क गुणगुणायला लागली. पण त्यानं बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. तिथला डॉक्टर म्हणजे कोण, डोंबल! जयपुरात एक म्हणाला, याचं लग्न लावून द्या. दुसरा म्हणाला, वेड्यांच्या इस्पितळात चिठ्ठी देतो. मुंबईच्या गोळ्या संपल्या, आणि तो डॉक्टर परदेशी गेला होता. औषधवाला चिठ्ठीशिवाय बाटलीला हात लावू देईना.

दोन महिन्यांत चारू पार उतरली. दाढीचे खुंट परत आले. तिनं आरशावर टॉवेल टाकला, कामावर जाणं सोडलं. परसातल्या विहिरीच्या काठावर तासन् तास बसायला लागली. मी पाणी शेंदायच्या निमित्तानं तिथंच घोटाळत राही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग मीच उठले आणि डॉक्टर प्रतिमाबाईंकडे गेले. त्यांचे यजमान मेजर, लष्करी छावणीत. बाई मराठीच, दवाखाना फक्त बायकांचा. मी चव्वेचाळीस वर्षांची. सांगितलं, वर्ष झालं पाळी गेली, अंगातून वाफा निघतात, झोप नाही. बाईंनी माझा रक्तदाब बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या. दर महिन्याला ये म्हणाल्या.

दर महिन्याला त्या विचारत, पाय सुजतो का, पोटरी दुखते का, छातीत कळ येते का. काहीही झालं तरी लपवायचं नाही, म्हणत, या गोळीनं क्वचित रक्ताची गाठ होते आणि माणूस जातो. मी घरी येऊन तेच प्रश्न चारूला विचारी. ती म्हणे, नाही ग ताई, काही नाही. पुढच्या महिन्यात तिचं 'नाही' मी माझं म्हणून सांगे. रक्तदाब मात्र माझाच मोजला जाई. जाताना बाई हसून म्हणत, तुमची तब्येत छान आहे, आणि मी चिठ्ठी पदराआड घेऊन निघे. चारू परत कामावर जात होती, गुणगुणत होती ना, मग मी गप्प बसे.

भाद्रपद आला. आमच्याकडे गौरी उभ्या असतात. परमुलखात सण असला की एकूण एक मराठी घराला हळदीकुंकवाचं बोलावणं जातं, एखादं वगळलं तर वर्षभर चर्चा. प्रतिमाबाईंनाही बोलावलं. गौरींना साड्या दर वर्षी चारूच नेसवायची; तिच्यासारख्या निऱ्या मला जन्मात जमल्या नाहीत. आणि पूजेच्या दिवशी पहाटे मला कावळा शिवला.

काय करावं? कुणाला न सांगता न्हाऊन पूजेला उभी राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. प्रतिमाबाईंपुढं मी सहा महिने खोटं बोलले, पण गौरीपुढं मला जमेना. मागच्या खोलीत घोंगडी टाकून बसले. ह्यांना निक्षून सांगितलं, कुणी विचारलं तर ताप आलाय म्हणा. गोळ्यांच्या चिठ्ठ्या कुठून येतात हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटे, अजून मुंबईहूनच येतात.

दुपारी पहिल्या आल्या त्या प्रतिमाबाईच. मी दाराआड कान देऊन बसलेली. बाईंनी विचारलं, रत्नप्रभाबाई दिसत नाहीत? आणि आमचे हे, सणाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं म्हणून, सरळ म्हणाले, "आमची मंडळी आज बाजूला बसलीय."

मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. पावलं माझ्या खोलीकडे आली, दार ढकललं गेलं आणि बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तुमची पाळी जाऊन वर्ष झालं होतं ना?"

बाई खाली बसल्या, अगदी हळू बोलायला लागल्या. गेलेली पाळी परत येणं वाईट. आत काही वाढत असेल. गोळ्या आजपासून बंद, उद्या सकाळी इस्पितळात चला, कदाचित गर्भाशय काढावं लागेल. माझ्या काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता. होय म्हणावं तर गोळ्या बंद, खरं सांगावं तरी गोळ्या बंद आणि वर अब्रूचे धिंडवडे. ह्यांची नोकरी, शेजारपाजार, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि ती विहीर.

तेवढ्यात बाईंच्या मागं चारू येऊन उभी राहिली. अंगात सदरा-पायजमा, बोटांना गौरीची हळद लागलेली.

"गोळ्या मी घेते, डॉक्टर. ताईला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी तिची बहीण आहे."

बाई उठल्या. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा संताप उसळला. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द झोंबला. "माझ्या सहीवर सहा महिने औषध देताय, आणि जिला देताय तिची नाडी मी एकदाही बघितलेली नाही! ही मेली असती तर?" मग त्यांनी चारूला कॉटवर बसवलं आणि तेच प्रश्न विचारले, जे मला विचारत असत. चारू नाही, नाही म्हणत गेली. बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. बोटानं दाबली तशी चारू कळवळली.

"किती दिवस?"

"चार," चारू म्हणाली. "सांगितलं असतं तर गोळ्या बंद झाल्या असत्या."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, परवा ही म्हणाली नक्षी काढताना बसून बसून पाय भरून आलाय, आणि मी तेल लावून चांगला रगडून दिला. बाईंनी डोळे मिटून घेतले. चोळल्यानं गाठ सुटून छातीत जाते, म्हणाल्या, नशीब समजा. आडवं पडायचं, पाय उशीवर, आणि आता कुणीही तिच्या पायाला हात लावायचा नाही. गोळी आजपासून बंद.

चारू ओक्साबोक्शी रडायला लागली. आडवी होईना. गोळ्या नसतील तर पाय कशाला वाचवता, म्हणाली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी त्या घोंगडीवर, शिवायची सोय नाही. बाईंनीच तिचा दंड धरून तिला निजवलं. म्हणाल्या, मी यातलं शिकलेले नाही. पुरुषांच्या एका दुखण्यात ही गोळी देतात एवढं वाचलंय. तुमच्या मुंबईच्या डॉक्टरचा पत्ता द्या, मी लिहिते. पाय बरा होऊ दे, मग बघू. होईलच असं म्हणत नाही.

हिला इस्पितळात न्यायला संध्याकाळी गाडी पाठवते म्हणून बाई निघाल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि पुढच्या खोलीतून गौरीपुढचा कुंकवाचा करंडा घेऊन परत आल्या. चारूच्या उशाशी वाकल्या.

"गौरीच्या घरून कुंकू न घेता जायचं नसतं. ताई बाजूला बसल्यात. घरात दुसरी बाई तुम्हीच आहात, लावा."

चारूनं माझ्याकडे बघितलं. निजल्या निजल्याच हात उचलला, तर चिमटीतलं कुंकू बाईंच्या नाकावर सांडलं. बाईंनी ते पुसलं नाही. उलट त्याच करंड्यात बोट बुडवून चारूच्या कपाळाला लावलं.

पाय सुधारायला दीड महिना लागला. मुंबईचा डॉक्टर परदेशातून परतला होता, त्याचं उत्तर आलं, आणि पुढं थोडक्या मात्रेत गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरा दिवसांनी तिचाच रक्तदाब बघून.

पण मला त्या दिवसाचं राहून राहून वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. औषधासाठी मी खोटं बोलले, कुणाकुणाच्या पाया पडायचं तेही केलं असतं. आणि दर हळदीकुंकवाला तिला स्वयंपाकघरात पिटाळणारी मीच होते. पुढच्या वर्षी बायका यायच्या आधी मी करंडा तिच्या हातात दिला आणि दार उघडायला तिलाच पाठवलं.