दोन्ही भाषणांना हो

डोंबिवलीत ज्यांच्याकडे मी पोळ्या करते, त्या काकूंनी मला दहावीच्या वर्गात बसवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मान वर होत नाही. माझं माहेर लातूरकडे, राहायला आंबिवलीत, शाळा सातवीतच सुटलेली. काकू आम्हा बायकांच्या त्या वर्गात मराठी शिकवतात.

त्या दिवशी एका जुन्या शोकांतिकेतला उतारा होता. प्रधानानं राजाला मारलंय, लोक जमलेत. आधी प्रधान बोलतो, मग राजाचा भाऊ. काकू एकेक भाषण वाचून विचारायच्या, "कुणाला पटलं?"

प्रधानानं कारणं दिली. कर वाढले, राजा कुणाचं ऐकेना. मी हात वर केला. भावानं कारण एकही दिलं नाही. दुष्काळात तुमच्या दारात कोण आलं होतं, एवढंच विचारत राहिला. माझे डोळे भरले. पुन्हा हात वर.

मागून एक पोरगी म्हणाली, "ताई, दोन्ही पार्टीला मत? फुल सेटिंग आहे तुझी." वर्ग हसला.

"दोन्ही कसं पटलं गं?" काकूंनी विचारलं.

"आमच्याकडं मोठं माणूस बोलून थांबलं की हो म्हणायचं असतं."

परत हसले सगळे.

खरं तर त्याहून वाईट होतं. सातवीत माझी शाळा सुटायची वेळ आली तेव्हा गुरुजी घरी आलेले. वसतिगृह आहे, पुस्तकं मिळतील, सगळं नीट मांडलं त्यांनी. मी हो म्हणाले. मग चुलते म्हणाले, "आईकडं बघ जरा." त्यांनाही हो म्हणाले. गुरुजी चपला घालून थोडा वेळ दारात थांबले. मी जमिनीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी काकूंना म्हणाले, आता वर्गाला येत नाही. वाटलं, समजूत काढतील.

"मी भाषण देणार नाही," त्या म्हणाल्या. "दोघांचं काय काय पटलं ते लिहून आण. नाहीतर नको आणूस. तुझं तू ठरव."

तव्यावरून धूर यायला लागला तेव्हा मी पोळी उचलली. शेवटी म्हणाले, "येते." हे माझ्यासाठी म्हणाले की त्यांना वाईट वाटू नये म्हणून, अजून कळत नाही. त्याचीही लाज वाटते.

उत्तर लिहिलं. प्रधानानं डोक्याला समजावलं, भावानं घराची आठवण करून दिली, आणि गर्दीनं दोघांनाही उलटा प्रश्न केला नाही.

काकूंना हल्ली बारीक अक्षर नीट दिसत नाही. एक दिवस अख्खं नाटक मी त्यांना वाचून दाखवणार आहे, न अडखळता.