दरवान आणि सहा सामन्यांची बंदी

हॉटेलच्या दारावर वीस वर्षं उभ्या असलेल्या दरवानाला त्याच्याच लाडक्या संघाच्या कर्णधाराने कानशिलात लगावली. का, तर गाडी यायला उशीर झाला म्हणून. लीगने कर्णधारावर सहा सामन्यांची बंदी घातली आणि संघ हरत सुटला.

"तुझ्यापायी कप हातचा गेला," दरवानाचा मेहुणा जेवता जेवता म्हणाला. "मैदानाबाहेरच्या भानगडीत लीगने नाक कशाला खुपसायचं?"

दरवानाने हातातला घास खाली ठेवला. "मी त्याच्यावर हात उगारला असता, तर हॉटेलने मला सहाच दिवस घरी बसवलं असतं का?"

"छे! कायमचंच," त्याची बायको म्हणाली.

पुढच्या सामन्याला दरवानाने नेहमीसारखा टीव्ही लावला. संघ पुन्हा हरला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त वाईट त्या दरवानालाच वाटलं.