येऊ दे, येऊ दे… बस्स!

या सदरातले गूढ अनुभव मी बहुतेक वेळा कपड्यांच्या घड्या घालताना वाचते, आणि वाचून झाले की त्यातल्या फटी शोधते. खिडकी उघडी राहिली असेल, उंदीर असेल, जागरण झालं असेल… मी मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये एका दातांच्या दवाखान्याचं ऑफिस बरीच वर्षं सांभाळलं. यादी करायची, काम झालं की टिक करायची, हा स्वभाव. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं. आणि गंमत म्हणजे आठवलं की भीती वाटत नाही, हसू येतं.

आधी आमच्या रिव्हर्सबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा नवरा श्रीकांत मूळचा पुण्याचा. आयुष्यभर इथल्या गाड्यांच्या कंपन्यांसाठी इंजिनचा आवाज कमी कसा करायचा यावर काम केलं. पण मी गाडी मागे घ्यायला लागले की हाच माणूस ड्राइव्हवेवर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो, "येऊ दे… येऊ दे… डावीकडे घे… अजून… सरळ कर… बस्स!" आणि 'बस्स'बरोबर डिकीवर दोन सणसणीत थापा – धप्प, धप्प. गाडीला मागचा कॅमेरा आला, बीप-बीप आलं, तरी हा आपला मागे उभा. शेजारची अमेरिकन बाई पहिल्यांदा घाबरून बाहेर आली होती. आता नुसता हात करते.

दोन-तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याची नजर खूप कमी झाली आणि त्याचं ड्रायव्हिंग बंद झालं. रिव्हर्सचं काम मात्र त्याने सोडलं नाही. त्याला डिकी दिसते की नाही हे मला माहीत नाही. मी आपली त्याच्या आवाजावर गाडी मागे घेते. सवय.

मग गेल्या हिवाळ्यात श्रीकांत बरोबर नसताना मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्यांच्या स्टँडवर गाडी घातली. ट्रॉल्यांना काही झालं नाही, गाडीला खरचटलं. दूर पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला असलेल्या आमच्या मुलीला, मुग्धाला, निमित्त मिळालं.

"आई, आय ऍम सीरियस. बाबांना दिसत नाही, तुझी मान वळत नाही. तुम्ही दोघं इकडे या. बेसमेंट मस्त केलंय आम्ही."

बेसमेंट खरंच मस्त आहे. पण मुलीचं झालं तरी बेसमेंट ते बेसमेंट. नोव्हायमध्ये गाडी नसेल तर दूधही आणता येत नाही, म्हणजे माझी गाडी गेली की आमचं घर गेलं. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

त्याच फोनवर मी तिला सांगितलं की मी वाळवंटात चाललेय. एकटी, गाडी घेऊन.

हे खूळ जुनं. आमच्या किचनमध्ये लाल दगडांच्या फोटोंचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी मी ते काढलं नाही. दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत आम्ही साठी ओलांडली. आता श्रीकांतची पाठ तासभर बसलं की संपावर जाते. तो म्हणाला, "मला तसंही काय दिसणार? तू बघ आणि मला नीट सांग. पण 'खूप सुंदर आहे' असं सांगायचं नाही. रंग सांग."

मुग्धा फोनवर म्हणाली, "ओके. डील. तू एकटी जा. कोणालाही मदतीला न बोलावता परत आलीस, तर मी गाडीचा विषय परत काढणार नाही. पण एकदा जरी कोणाला बोलवायला लागलं, तर गाडी विकायची. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं आणि याद्या करायला बसले.

श्रीकांतच्या सोबतीला न्यू जर्सीहून माझी नणंद कुंदा आली. मी डिकीत पाणी, दशम्या, मेतकूट-भात करायला छोटा कुकर, फावडं, टायरची हवा मोजायचं यंत्र आणि मुग्धाने दिलेलं सॅटेलाइटचं डबडं भरलं. त्यावर एक बटण होतं. सिग्नल नसेल तिथे दाबलं की मदत येते आणि मुग्धाला मेसेज जातो. म्हणजे डील खलास. मी त्या डबड्याला रुमालात गुंडाळून ठेवलं.

खरं सांगते, एवढी मजा मी कित्येक वर्षांत केली नव्हती. कॉलोराडो ओलांडून युटाहमध्ये शिरले आणि कॅलेंडरचं पान गाडीच्या काचेतून आत आलं. खिडक्या खाली, मोठ्याने बेसूर गाणं, ऐकायला कोणी नाही. दगडाच्या सावलीत बसून दशमी आणि लसणीची चटणी. रोज संध्याकाळी मोटेलमधून श्रीकांतला फोन.

"आज रंग कुठला?"

"सकाळी गाजराचा हलवा. दुपारी भाजलेली वीट. आणि आत्ता… तांब्याचा बंब घासल्यावर दिसतो ना, तो."

"हं. चिंचेने घासलेला का पितांबरीने?"

"चिंचेने."

"मग दिसला," तो म्हणायचा.

आता तो दिवस. हँक्सव्हिल नावाचं युटाहमधलं अगदी चिमुकलं गाव आहे. तिथून उत्तरेला गेलं की एका दरीत बुटके, गोलमटोल खडक दाटीवाटीने बसलेत, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारखे. ते पाहून मी परत निघाले होते. दुपारची वेळ, लख्ख ऊन, आकाश इतकं निळं की खोटं वाटावं. हमरस्त्याकडे येताना एक खडीचा फाटा दिसला आणि त्याच्या टोकाला एक कडा. म्हटलं, श्रीकांतसाठी एवढा एक रंग बघून येऊ. फाट्याच्या शेवटी गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून कडेच्या सपाट जमिनीवर नाक घातलं.

ती जमीन सपाट होती, पण टणक नव्हती. वरचा पापुद्रा खाकऱ्यासारखा मोडला आणि पुढची चाकं खाली गेली.

घाबरले नाही. यासाठीही यादी होती. फावड्याने वाळू काढली, टायरची हवा थोडी सोडली, चाकांखाली गाडीतली पायपुसणी घातली. आता गाडी निघाली असती, पण मागे कशी घ्यायची? उजवीकडे मोठा दगड होता. डावीकडे ओहोळाने पोखरलेली घळ, गाडी तिरकी होऊन पडेल इतकी खोल. मधून आले कशी याचंच आश्चर्य वाटलं. कॅमेऱ्यावर धूळ बसली होती; पुसला तर पडद्यावर नुसती वाळू, आणि तो मूर्ख प्रत्येक झुडपाला बीप करत होता. माझी मान एका बाजूला अर्धीच वळते. फोनला सिग्नल नाही. सगळीकडे इतकी शांतता की स्वतःचं घड्याळ ऐकू यावं.

मी रुमाल सोडून ते डबडं बाहेर काढलं. शेजारच्या सीटवर ठेवलं. आमचं स्वयंपाकघर, ओट्यासमोरची खिडकी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, एकदाच प्रयत्न करू. नाही जमलं तर बटण.

गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, आणि मागून आवाज आला.

"येऊ दे…"

मी शपथेवर सांगते, मला त्या क्षणी काहीही विचित्र वाटलं नाही. इतक्या वर्षांची सवय! मागून 'येऊ दे' आलं की माझा पाय आपोआप सुटतो.

"येऊ दे… येऊ दे… डावीकडे घे."

"डावीकडे घळ आहे!" मी ओरडले.

"घे म्हणतो ना! अजून… अजून…"

"घेतेय, घेतेय, ओरडू नको रे!"

मी स्टिअरिंग डावीकडे मारलं. चाकाखाली वाळू लागेल असं वाटलं होतं, पण लागलं काहीतरी कडक. गाडी एक हिसका देऊन वर आली.

"सरळ कर… सरळ… बस्स!"

धप्प, धप्प.

मी ब्रेक मारला. हुश्श केलं. काच खाली करून म्हटलं, "थांब, पाणी देते, घामाघूम झाला असशील."

आणि मग मला कळलं की मी युटाहमध्ये आहे.

उतरले. कोणी नव्हतं. वाळूत फक्त माझ्या बुटांचे ठसे. गाडी खडीच्या रस्त्यावर सरळ उभी होती. डावीकडे, जिथे मला नुसती वाळू आणि मग घळ वाटली होती, तिथे वाळूखाली सपाट खडकाची लादी होती. चाकाने वरची वाळू उडाली म्हणून आता ती दिसत होती. मला ती आधी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. डिकीवर हाताचा ठसा होता का, असं सगळे विचारतात. होता. पण फावडं काढल्यावर डिकी मीच लावली होती, तेव्हा तो माझाच असणार.

दोन ग्लास पाणी प्यायले आणि स्वतःची समजूत घातली – ऊन, ताण, सवय. कोणाला सांगायचं नाही. गाडी निघाली होती, डील शाबूत होतं.

संध्याकाळी टोरी गावातल्या मोटेलमध्ये पोचले, तर कुंदाचे कितीतरी मिस्ड कॉल. फोन लावला.

"वहिनी, तू बरी आहेस ना? मला दादाची काळजी वाटतेय गं." तिचा आवाज रडवेला. "जेवून सोफ्यावर झोपला होता. एकदम उठला आणि तरातरा गॅरेजमध्ये गेला. मी मागोमाग. गॅरेज रिकामं, गाडी तुझ्याकडे… आणि हा मधोमध उभा राहून हातवारे करतोय. येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे! म्हटलं, दादा, कोण आहे तिथे? तर माझ्यावरच खेकसला, घे म्हणतो ना! आणि मग बस्स म्हणून त्या डीप फ्रीझरवर दोन थापा मारल्या. आतल्या पुरणपोळ्या हलल्या असतील, वहिनी!"

मी पलंगावर बसले.

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. आत आला, बाथरूममध्ये जाऊन पाय धुतले. म्हटलं, पाय काय धुतोस? तर म्हणे, वाळू लागलीय. आणि वर म्हणाला, चहा टाक. मी मुग्धाला कळवलंय. ती म्हणते हे विसरण्याच्या आजारासारखं वाटतंय, डॉक्टर बघते, आणि आता तुम्हाला दोघांना तिकडेच नेणार…"

म्हणजे मी गप्प बसले तर श्रीकांतला भ्रम झाला असं ठरणार. बोलले तर मी गाडी रुतवली हे कळणार. दोन्ही रस्ते बेसमेंटकडे. पण या दोन्हींत निवड अशी नव्हतीच. माझ्या नवऱ्याला कोणी खुळा म्हटलेलं मला चालणार नव्हतं; तो अधिकार माझा.

मी मुग्धाला व्हिडिओ कॉल लावला, कुंदालाही जोडून घेतलं, आणि वाळूपासून थापांपर्यंत सगळं सांगितलं. कुंदा "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत राहिली. मुग्धाचा चेहरा दगडासारखा. ती सॉफ्टवेअरवाली, तिने एकच विचारलं.

"डॅशकॅम ऑन होता?"

होता. काचेवरचा हा कॅमेरा फक्त पुढचं दाखवतो, पण आवाज टिपतो. मी क्लिप पाठवली. आम्ही तिघींनी ती एकदम ऐकली.

इंजिनचा आवाज. मग शांतता. मग माझा आवाज, "डावीकडे घळ आहे!" पुन्हा शांतता – बरोबर एक माणूस "घे म्हणतो ना" म्हणेल एवढी. मग "घेतेय, घेतेय, ओरडू नको रे!" त्याचा आवाज कुठेही नाही. आणि शेवटी, अगदी स्पष्ट, धप्प, धप्प.

मुग्धाने पडद्याकडे झुकून क्लिपवरची वेळ वाचली. कुंदाला विचारलं, तू मला मेसेज कधी केलास? युटाह आणि मिशिगनमधला दोन तासांचा फरक धरून हिशेब केला. एकदा, मग परत एकदा.

"खडे उडाले असतील," ती म्हणाली. "डिकीवर."

"असतील," मी म्हटलं.

"आई, टेक्निकली… तू कोणाला बोलावलंस?"

"नाही गं. तो आपला आपणच आला."

आणि माझी ती गंभीर लेक इतकी हसली, इतकी हसली, की तिला फोन खाली ठेवावा लागला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि हसू ऐकू येत होतं. डोळे पुसत परत आली आणि म्हणाली, "फाइन. डील इज डील."

मी व्यवहारी बाई आहे. परत आल्यावर श्रीकांतच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डोकं ठणठणीत आहे. त्याला त्या दुपारचं काही आठवत नाही. फक्त स्वप्नात तळवे भाजत होते एवढंच म्हणतो. क्लिप ऐकवली तर म्हणाला, "थापा जरा हळू पडल्यात. माझ्या नाहीत."

खडे, स्वप्न, योगायोग – प्रत्येक गोष्टीला वेगवेगळं उत्तर मी देऊ शकते. सगळ्यांना मिळून एक उत्तर अजून सापडलेलं नाही. ती वाळूखालची लादी कोणाला दिसली, हे तर मी विचारायचंही सोडलंय.

परवा ग्रोसरीला निघालो. कॅमेऱ्याचं बीप-बीप मी बंद करून टाकलंय. श्रीकांत काठी टेकत डिकीमागे जाऊन उभा राहिला. मी काच खाली केली.

"काय रे, दिसतंय का तुला तिथून काही?"

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "तू येऊ दे."