एका तासाचं वाण

पुलगावला स्टेशनकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला बापूजींचं किराणा दुकान. दुकानाला लागून पूर्वी एसटीडीची काचेची केबिन होती. मोबाइल आले आणि केबिनीत उभं राहून ओरडणारी माणसं कमी झाली, तेव्हा बापूजींच्या मुलानं, मुकेशनं, ती काढून तिथं दोन कॉम्प्युटर टाकले. मध्ये प्लायवूडचा आडोसा केला, पुढं हिरवा पडदा लावला. हे दोन हजार तीन सालातलं. संध्याकाळी तिथं लष्कराच्या दारूगोळा डेपोतले जवान घरी मेल करायला येत. दुपारी मात्र जेवण झालं की मुकेश वर झोपायला जायचा आणि त्याची बायको हर्षा खाली येऊन बसायची. त्या वेळी बाजारात कुत्रंही हलत नसे. हर्षाचा दिवस पाण्याच्या मोटारीपासून सुरू व्हायचा आणि रात्री ओटा पुसून संपायचा. त्यातली ही दुपार तेवढी तिची होती, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती.

हर्षाचं माहेर आंजीचं. तिथल्या शाळेच्या कपाटात पुठ्ठा गेलेलं एक गोष्टींचं पुस्तक होतं, सगळ्या गोष्टी परग्रहावरच्या. सातवीत असताना तिनं ते वाचलं. तिला त्यातलं यान आवडलं, आकाशातले दोन सूर्य आवडले. फक्त एक शंका आली. यानात बारा माणसं, प्रवास वीस वर्षांचा, मग भांडी कोण घासतं? तिनं वर्गात विचारलं. पोरं हसली, गुरुजीही हसले. शंका तशीच राहिली आणि लग्नानंतर वाढली.

सासरी पुड्या बांधायला रद्दी यायची. जुनी मासिकं, फुटकळ दिवाळी अंक. त्यातली विज्ञानकथा दिसली की हर्षा तेवढी पानं फाडून गादीखाली ठेवायची. सासूबाई विमलाबाई म्हणायच्या, "सूनबाई, शेंगदाणे कायच्यात बांधू? तुह्या गादीत?"

मग कॉम्प्युटर आला. तिला काही शोधून देईल असं कोणी नव्हतं. जवान लोक जाताना मशीन चालू ठेवून जात, त्यातून ती एकेक बटण शिकली. मराठी विज्ञानकथा कुठं मिळतात ते तिनं चाचपडत शोधलं. त्या काळी हे सोपं नव्हतं. प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा दिसायचा. फॉन्ट उतरेपर्यंत लाइन तुटायची. चांगली साइट सापडली की ती बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा फाडून त्यावर पत्ता लिहायची आणि दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगायची. महिन्याभरानं त्यातले दोन पत्ते मेलेले असायचे. ज्या कोणा पोरानं हौसेनं साइट काढलेली असायची, त्याची नोकरी बदलली असेल, नाही तर लग्न झालं असेल. गोष्टी अर्ध्यावर राहायच्या.

अशाच एका पत्त्यावर तिला वाचकांचा गट सापडला. पुण्याचे, बंगलोरचे, अमेरिकेतले. प्रकाशाच्या वेगावरून ते आठवडा आठवडा भांडत. हर्षानं दोन महिने नुसतं वाचलं आणि मग एके दिवशी धीर करून, रोमन अक्षरांत, आपला सातवीतला प्रश्न टाकला. यानात स्वयंपाक कोण करतं? भांडी कोण घासतं?

एकानं हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्यानं लिहिलं, "ताई, तोवर जेवणाच्या गोळ्या निघालेल्या असतील." मग ते पुन्हा प्रकाशाच्या वेगाकडे वळले.

मुकेशनं पडद्याआडून डोकं घातलं. "आली का चंद्रावरून? चाय मांड मंग."

तिनं चहा मांडला. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. गट नको, पुणं-अमेरिका नको. इथंच, बोलता येईल एवढ्या अंतरावर, असं एक माणूस हवं ज्याला हा प्रश्न हसण्यासारखा वाटणार नाही. एक पुरे.

पुढच्या संक्रांतीला तिनं ते वाण काढलं.

बाजारपेठेतल्या बायकांत वाणाची मोठी ईर्षा. कोणी स्टीलची वाटी दिली की पुढची झाकणाची डबी देणार. हर्षानं ठरवलं, यंदा वाण एक तासाचं. दुपारी येऊन एक तास कॉम्प्युटरवर फुकट बसायचं. मुकेशनं विचार केला, दुपारी मशीन रिकामंच असतं आणि जाहिरातही होईल. तो हो म्हणाला. विमलाबाईंना ते पटलं नाही. "वाण हातात जड लागलं पाह्यजे. तास काय लागते हातात?" आकांक्षानं, हर्षाच्या नववीतल्या मुलीनं, रंगीत पेनांनी चिठ्ठ्या लिहिल्या. वर "एक तास मोफत, दुपारी", खाली गोष्टींच्या तीन साइटचे पत्ते. लिहिता लिहिता ती म्हणाली, "मम्मी, कोणी नाई वाचणार." हर्षानं तिळाच्या लाडवाबरोबर एकेक चिठ्ठी गुंडाळून ओटीत घातली.

कापडवाल्या रुख्माबाईंनी तिथंच पुडी उघडली. "बाप्पा! कागद? मले वाटलं आत वाटी आहे."

"त्याच्यावर गोष्टी वाचता येतात काकू. दुसऱ्या ग्रहावरच्या."

"अवो, ह्याच ग्रहावरचं निपटत नाई," रुख्माबाई म्हणाल्या आणि बायका खळखळून हसल्या.

बायका आल्या मात्र. फुकट म्हटल्यावर येणारच. एकीला अमेरिकेतल्या भाच्याचं घर पाहायचं होतं. एक मुलीचा बायोडाटा घेऊन आली. तो हर्षानंच टाइप केला, रंग गोरा की निमगोरा यावर अर्धा तास गेला. एकीला मेंदीची नक्षी हवी होती. एकीनं नवऱ्यालाच पाठवून दिलं, आणि तो सोयाबीनचे भाव पाहत बसला. तास संपत आला की हर्षा चाचरत म्हणायची, "एक गोष्ट उघडून देऊ का?"

"चश्मा नाई आणला वो."

एकीनं चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "हे खरं झालतं का?"

"नाई, काल्पनिक आहे."

"मंग वाचून काय कराचं?"

 उशीर होत होता, त्या बाईला दाखवायला मुलाच्या निकालाचं पान अजून उघडायचं होतं. रथसप्तमी गेली, तरी चिठ्ठ्या घेऊन बायका येतच राहिल्या. रोज दुपारी कोणी ना कोणी शेजारी बसलेलं, कोणाचं ना कोणाचं काम. ती एक गोष्ट वाचत होती, ती तिसऱ्या पानावर अडकून राहिली. आपल्याकडे होती नव्हती ती एकच वस्तू आपण पानसुपारीसारखी वाटून टाकली, हे तिला एका दुपारी दुसऱ्याचा बायोडाटा टाइप करताना कळलं. चिडायचंही त्राण नव्हतं. तिनं बायोडाटा पूर्ण केला.

माघ संपता संपता प्रमिलाबाई आली.

प्रमिलाबाई मूळची नाचणगावची. दुकानामागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. घरी अंथरुणाला खिळलेला सासरा, डोमाजी, आणि शाळेत जाणारा मुलगा. ती ब्लाऊज शिवायची. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे, हर्षानंही बोलावलं नव्हतं. बोलवायचं नसतं, एवढाच विचार, म्हणजे विचार नव्हताच. आता तिच्या हातात आकांक्षाच्या रंगीत पेनाची चिठ्ठी बघून हर्षाला कुठं पाहावं कळेना.

"रुख्माबाईंनं ब्लाऊजाच्या कपड्यासंगं देला," प्रमिलाबाई म्हणाली. "म्हणे, माह्या कामाचा नाई. चालते का हा? नाव तर नाई लिवलं कोणाचं."

"चालते ना. या. काय पाहाचं आहे तुमाले?"

"काईच नाई."

"मंग?"

"एक तास बसाचं आहे. घरी बसलं की बुढा हाका मारते. रातभर मारते. इथं पडदा आहे म्हणून आली." तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि जरा थांबून विचारलं, "काई लावाच लागते का टीवीवर?"

"नाई. बसा तुमी."

प्रमिलाबाई खुर्चीत बसली, पाय वर घेतले, पदर डोक्यावरून ओढला आणि डोकं प्लायवूडला टेकवलं. पाहता पाहता तिचा श्वास जड झाला. हर्षा दुसऱ्या मशीनवर गेली. आज कोणाचं काही टाइप करायचं नव्हतं. तिनं ती अडकलेली गोष्ट उघडली आणि तिसऱ्या पानापासून पुढं वाचू लागली.

विमलाबाई दुकानातून डोकावल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे काय? तिले वाण देलं तू?"

"वाण नाई आई. खुर्ची देली बसाले."

"झोपून राह्यली ना ते!"

"झोपू द्या."

विमलाबाई क्षणभर झोपलेल्या बाईकडे पाहत राहिल्या. मग जाता जाता पडदा नीट ओढून गेल्या. आपण हे मुद्दाम केलं असं त्यांनी नंतर कधी मान्य केलं नाही.

तास झाला, वर थोडा अधिक. प्रमिलाबाई दचकून उठली, पदर सावरला. हर्षाच्या मशीनवर अक्षरं दिसत होती.

"काय वाचून राह्यल्या?"

विचारायचं म्हणून विचारलं असेल. हर्षानंही सांगायचं म्हणून सांगितलं. एक यान आहे. दूरच्या ग्रहावर निघालं आहे, पोचायला शंभर वर्षं. तोवर सगळ्यांना झोपवून ठेवलं आहे, पेट्यांमध्ये. एकच बाई जागी आहे. ती रोज एकेका पेटीपाशी जाते, नाडी पाहते, पाण्याच्या नळ्या पाहते.

प्रमिलाबाई चप्पल शोधत होती, ती थांबली.

"एकटीच?"

"एकटीच."

"अन् तिचा नंबर कवा येते झोपाचा?"

हर्षानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणजे तिले झोपवून दुसरं कोणी जागते का नाई?" प्रमिलाबाईला वाटलं आपण काही चुकीचं विचारलं. "का मरेपर्यंत तेच जागते? असं काऊन लिवलं मंग? बाकीचे लोकं आरामात पोचतीन अन् ते म्हातारी होऊन मरन?"

"माहीत नाई. अजून संपली नाई गोष्ट. हप्त्याहप्त्यानं टाकतात."

"पाहून सांगजा मले," प्रमिलाबाई म्हणाली. तिला चप्पल सापडली. "जाते आता. बुढ्यानं गल्ली डोक्यावर घेतली असन."

गटावर हर्षानं हा प्रश्न टाकला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आकांक्षाकडून पाटी लिहवून पडद्याला अडकवली, वाणाची मुदत संपली म्हणून. बायका कुरकुरल्या आणि विसरल्या. पुढच्या संक्रांतीला विमलाबाईंनी स्वतः जाऊन स्टीलच्या वाट्या आणल्या, चांगल्या जाड. वाण हातात जड लागलं.

गोष्टीचा पुढचा हप्ता आला, त्यानंतरचाही आला. त्या बाईनं एका पेटीतल्या म्हाताऱ्याची नळी बदलली. मग साइट बंद पडली. हर्षानं पुष्कळ शोधलं. लिहिणाऱ्याचं नाव घालून, यानाचं नाव घालून, गटावर विचारूनही. कोणाला आठवत नव्हती. बिस्किटाच्या खोक्याचा तो तुकडा दोऱ्यात तसाच राहिला.

प्रमिलाबाई येत राहिली, सासऱ्याला डोळा लागला तर. आठवड्यातून एकदा, कधी तेवढंही नाही. आली की आधी विचारायची, "आला का तिचा नंबर?"

"नाई अजून."

"कठीण आहे बाप्पा," प्रमिलाबाई म्हणायची, पाय वर घ्यायची आणि डोकं प्लायवूडला टेकवायची. हर्षा तिच्या बाजूचा पंखा चालू करायची, आणि पडद्यापाशी, गल्लीतून कोणी हाक मारलीच तर ऐकू यावी म्हणून, जागी बसायची.