गेटवर तोंडून निघाला बाबांचा टोकन नंबर

जय भीम मंडळी. सकाळची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून राहिलो.

आज खमरियाला आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटवर मोबाईल जमा करताना टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरी नंबर, सांगितला. गार्ड म्हणाला, "भैया, ये नंबर आपका नहीं है."

तो बाबांचा होता! बाबाही इथेच कामाला होते. विसरण्याच्या आजारात ते माझं नाव विसरले, पण टोकन नंबर दिवसभर म्हणत बसायचे.

हाफ डे टाकून डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, एका चुकीवरून काही ठरत नाही. वडिलांना होतं म्हणून धोका थोडा जास्त, पण होईलच असं नाही. बीपी सांभाळा, तंबाखू सोडा, नीट झोपा, रोज चाला.

घरी मुलीला तिच्या आबांच्या नंबरापासून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पापा, आबांना झालं. आपको भी होगा? फिर मुझे?"

मी तंबाखूची पुडी कचऱ्यात टाकली आणि तिला घेऊन चालायला निघालो. आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या गल्लीत तिनं माझा टोकन नंबर विचारला. मी बरोबर सांगितला. थोडं पुढे गेल्यावर ऐकलं, तर ती तोच नंबर हळूहळू पाठ करून राहिली होती.

काहून, हे विचारायची हिंमत नाही झाली. तुमची झाली असती?